पडद्याचा प्रकाश आणि शिणलेले डोळे

गेल्या पंधरवड्यात कवठे महांकाळच्या माझ्या दवाखान्यात एक आजोबा आले. सायंकाळी मोबाइल पाहिला की डोळे चुरचुरतात, पाणी येते, ही तक्रार. पडद्यातून ‘ध्रुवित’ प्रकाश येतो व तोच बाधतो, असे नातवाने सांगितले होते. त्यासाठी महागडा चष्मा घ्यावा काय, हा त्यांचा प्रश्न.

नातवाचे निम्मे खरे आहे. सूर्याच्या प्रकाशलहरी सर्व दिशांनी कंप पावतात. एलसीडी पडद्यातून येणाऱ्या लहरी एकाच दिशेने. पोलराइज्ड गॉगल अशा पडद्यासमोर धरून सावकाश फिरवा. एका स्थितीत पडदा काळवंडेल. परंतु निरभ्र आकाशाचा निळा प्रकाश आणि तलावाच्या पाण्यावरची चकाकी हीदेखील अंशतः ध्रुवितच असते, आणि ती आपण जन्मभर पाहत आलो आहोत. आपल्या डोळ्याला हा भेद जवळजवळ जाणवतच नाही. १८४४ मध्ये हायडिंगर यांनी वर्णिलेली एक पुसट पिवळसर आकृती तेवढी काहींना क्षणभर दिसते. ध्रुवणाने डोळे शिणतात, असे मानण्यास सबळ पुरावा नाही.

मग चुरचुर कशाची? पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या लवणे निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येते आणि अश्रूंचा थर सुकतो. उतारवयात अश्रू मुळातच कमी. त्यात आपल्याकडची कोरडी हवा आणि डोक्यावरचा पंखा. पाणी येते म्हणजे डोळा कोरडा नाही, असे समजू नये. कोरडा डोळाच पुष्कळदा अधिक पाझरतो. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे, पापण्या मुद्दाम मिटाव्यात. औषधाच्या दुकानातून मनाने थेंब मात्र आणू नयेत. त्यांत स्टेरॉइड असल्यास काचबिंदू ओढवू शकतो.

आजोबांना एकेक डोळा झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचावयास सांगितले. डाव्या डोळ्याने तारखा दिसेनात. बॅटरीच्या उजेडात बाहुली पांढुरकी दिसली, मोतीबिंदू. दोन्ही डोळे उघडे असताना उजवा सारे निभावून नेत होता, म्हणून घरात कुणास पत्ता नव्हता. चष्म्याचे पैसे वाचवून त्यांना मिरजेस नेत्रतज्ज्ञांकडे पाठविले.

घरातील ज्येष्ठांची ही कॅलेंडरची परीक्षा आपणही आज घ्यावी, त्यांचा नेहमीचा चष्मा लावून. मधुमेह असेल तर दृष्टी उत्तम वाटत असली तरी वर्षातून एकदा पडदा, म्हणजे डोळ्याच्या आतला, तपासून घ्यावा. आणि डोळा लाल होऊन तीव्र ठणका, दिव्याभोवती रंगीत वलये, मळमळ असे काही एकत्र आढळले, तर मोबाइलला दोष देत सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे.