सवायकी आणि लेसर

मंडईंत पावशेर मिरच्यांचा हिशेब दोनदां करणारा मनुष्य रेझिस्टर, म्हणजे रोधक, निवडतांना मात्र बेफिकीर कसा होतो, याचा अनुभव मला घरींच आला. तो मनुष्य मीच होय.

आमच्या नातीस प्रकाशाच्या साहाय्यानें केसाची जाडी मोजावयाची होती. त्यासाठीं ५ मिलिवॅटचा तांबडा लेसर डायोड आणून त्याचा परिपथ घरींच बांधावयाचें ठरलें. "आजोबा, दिव्यासारखा सरळ बॅटरीला कां जोडूं नये?" असें धाकट्या नातवानें विचारलें. प्रश्न रास्त होता. दिव्याची तार तापली कीं तिचा विरोध वाढतो व दिवा स्वतःस सांवरतो. लेसर डायोडाची रीत उलटी! तो तापला कीं त्याच दाबाखालीं अधिक प्रवाह ओढतो, त्यामुळें अधिक तापतो, आणि अखेर स्वतःचाच नाश करतो. म्हणून त्यास प्रवाह मोजून द्यावा लागतो.

हें काम एल्एम ३१७ नांवाचा लहानसा तुकडा करतो. तो आपल्या दोन पायांमध्यें सदैव १.२५ व्होल्ट राखतो. सव्वा! मुलांस सवायकी येत नाहीं याची खंत बाळगणाऱ्या मास्तरास याहून मोठा आनंद कोणता? या पायांमध्यें बसविलेल्या रोधकाच्या ओमांनीं सव्व्यास भागलें कीं प्रवाह निघतो. आमच्या डायोडास २५ मिलिअँपिअर हवे होते, म्हणजे ५० ओम. दुकानांत सहज मिळतात ते ४७ आणि ५१. सोनेरी पट्ट्याच्या रोधकांत शेंकडा ५ ची चूक संभवते. त्यामुळें ४७ चा रोधक प्रवाह २८ पर्यंत नेऊं शकतो, ५१ चा २६ च्या आंत राहतो. उजेड थोडा कमी पडला तरी प्रयोग अडत नाहीं. उष्णता तर इतकी अल्प कीं पाव वॅटचा रोधक पुरून उरतो.

मंडईजवळच्या तपकीर गल्लींतून नात बाकीचें सामान घेऊन आली. ५१ चा रोधक मात्र मीं माझ्या जुन्या डब्यांतून काढून दिला. हिरवा, तपकिरी, काळा, सोनेरी अशी पट्ट्यांची ओळ हवी होती. मीं दिव्याखालीं पाहिली ती हिरवा, तपकिरी, सोनेरी, सोनेरी अशी होती, आणि चष्मा न पुसतां मीं काळा वाचला. तो ५.१ ओमांचा निघाला. प्रवाह दसपट, २४५ मिलिअँपिअर! डायोड क्षणभर लखलखला. मग मिणमिणूं लागला, पण भिंतीवरचा रेखीव ठिपका गेला तो गेलाच. ज्याच्या नांवानें हें माप चालतें तो ओम आपला नियम १८२७ सालीं छापण्यापूर्वीं कोलोन येथें शाळामास्तर होता. त्या नात्यानें मला अधिकच लाज वाटली.

दुसऱ्या खेपेस नातीनें माझ्यावर भरंवसा ठेवला नाहीं. "आजोबा, आधीं मोजूं," म्हणून तिनें लेसरच्या जागीं तीन साधे सिलिकॉन डायोड आणि १ ओमाचा रोधक एकामागें एक जोडले. या १ ओमावर मीटर जितके मिलिव्होल्ट दाखवील तितके मिलिअँपिअर. मीटरनें २४ दाखविले. मग वीज बंद करून, कपॅसिटर रिकामा करून तिनें नवा डायोड बसविला, आणि किरण कोणाच्याहि डोळ्याच्या उंचीवर येणार नाहीं अशा बेतानें तो टेबलावर खालीं ठेवला.

माझा डबा तिनें त्याच दिवशीं रिकामा केला. प्रत्येक रोधक मीटरला लावून त्याच्या पुड्या बांधल्या आहेत, आणि पुड्यांवरील आंकडे मुद्दाम ठळक काढले आहेत.