चवीपुरते मीठ

(बी. ए. भाग दोन)

सहल हा शिक्षणाचाच भाग आहे, असे आपण दरवर्षी ऐकतो आणि दरवर्षी सहलीहून परतल्यावर छायाचित्रे दाखवून मोकळे होतो. सहलीत काय पाहिले याच्या गप्पा आठवडाभर चालतात. काय दाखवायचे राहून गेले, याचा विचार मात्र कोणी करीत नाही. मला या लेखात त्या राहून गेलेल्या गोष्टीविषयीच लिहायचे आहे. निमित्त आहे मिठाचे.

गेल्या फेब्रुवारीत आपल्या महाविद्यालयाची सहल मुंबईला गेली होती. कार्यक्रमात ठाण्याच्या खाडीतली एक नौकाफेरी होती. सोबत माहिती सांगणारा मार्गदर्शक आणि फेरीनंतर ‘आगरी चवीचे’ जेवण, असा बेत होता. आपण विदर्भातली मुले. खाडी आपल्याला भूगोलाच्या पुस्तकातच भेटलेली. बोट आपल्या घड्याळावर सुटत नाही, भरतीच्या वेळेवर सुटते, हेदेखील तिथेच कळले. दोन्ही काठांना कांदळवनाची हिरवी भिंत होती, चिखलातून वर आलेली मुळे होती आणि बरेच पुढे गेल्यावर रोहित पक्ष्यांचा गुलाबी थवा दिसला. २०१५ साली या खाडीत अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ साली ते रामसर यादीत आले, ही माहिती मार्गदर्शकाने नेमकी आणि मनापासून सांगितली. त्याच्या पक्षिज्ञानाविषयी मला आदरच वाटतो.

मग मुंबईच्या बाजूला, कांदळवनाच्या फटीतून, एक मोकळा चकचकीत पट्टा दिसला. कोणीतरी विचारले, हे काय? उत्तर आले, “ती जुनी मिठागरं.” एवढ्यात बोट वळली. तासाभराच्या फेरीत मिठाच्या वाट्याला आले ते हे तीन शब्द. आपल्याकडे भाजीच्या कृतीत शेवटी ‘मीठ चवीपुरते’ असे लिहितात, त्यातलाच हा प्रकार!

जेवण उत्तम होते. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचे कालवण, आणि आमच्यातल्या शाकाहारी मंडळींसाठी वालाचे बिरडे. वाढणाऱ्या बायकांनी आग्रह करकरून वाढले. ‘आगरी मसाला’ हे शब्द दहा वेळा कानांवर पडले; पण आगरी म्हणजे काय, हे काही कोणी सांगितले नाही. आगर म्हणजे लागवडीची जागा. नारळाचे आगर असते तसे मिठाचेही आगर असते, आणि मिठाच्या आगरात राबणारे ते आगरी, अशी या नावाची उपपत्ती सांगतात. म्हणजे ज्यांच्या नावातच मिठागर आहे त्यांच्या हातचे आम्ही जेवलो आणि मिठागराकडे पाठ करून परत निघालो. या विसंगतीने मला अस्वस्थ केले.

दुसऱ्या दिवशी दुपार मोकळी होती. सरांची परवानगी काढून आम्ही चौघीजणी लोकलने भाईंदरच्या पुढे गेलो. तिथे रुळांच्या आसपास अजून मीठ तयार होते. बांधावर एक मावशी टोपली टेकून बसल्या होत्या. मी विचारले, “मावशी, हे मीठ तुम्ही कुठून काढता?” त्या हसून म्हणाल्या, “काढत नाय गो पोरी, पिकवतो.” आमच्याकडे कोळसा काढतात आणि संत्री पिकवतात. मीठही पिकवतात, हे मला नवीन होते. पण त्यांनी पुढे जे सांगितले ते ऐकल्यावर दुसरा शब्द योग्य वाटेना.

पाऊस सरला की आधी बांध दुरुस्त करावे लागतात. वाफ्याची जमीन पायांनी तुडवून आणि चोपून घट्ट करावी लागते, नाहीतर पाणी मुरते आणि मिठात माती येते. उधाणाच्या भरतीला उघाडीतून पाणी आत घ्यायचे, साठवायचे आणि मग एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात, ऊन आणि वारा यांच्या भरवशावर, आटवत न्यायचे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सगळे क्षार मिळून सुमारे ३५ ग्रॅम असतात. हे पाणी आटून जवळजवळ दहावा हिस्सा उरते तेव्हा कुठे खाण्याचे मीठ तळाशी बसू लागते. त्याच्या आधी जिप्सम बसते. उशीर केला तर मॅग्नेशियमचे कडू क्षार मिठात उतरतात आणि ते मीठ दमट राहते. म्हणजे नेमके केव्हा थांबायचे, ही यातली खरी विद्या. शिवाय एखादा अवकाळी पाऊस आला की महिन्याचे पीक काही तासांत पुन्हा पाणी होऊन जाते. शेतकऱ्याचे पीक झोपते. यांचे तर नाहीसेच होते.

मावशींनी आम्हाला तीन ठिकाणचे पाणी बोटावर घेऊन चाखायला लावले. पहिले साधे खारट. दुसरे इतके खारट की जीभ आखडावी. तिसरे, मीठ ओढून घेतल्यावर मागे उरलेले, चक्क कडू. पुस्तकातली चार पाने वाचून जे समजले नसते ते तीन थेंबांत समजले. ‘स्थानिक चव’ म्हणतात ती हीच नव्हे काय? तिला मसाला लागत नाही, पण सांगणारे माणूस मात्र लागते. त्यांच्या तळपायांच्या भेगा आणि पांढऱ्या ढिगांवरच्या उन्हाने बारीक झालेले डोळे मी पाहिले. त्यांविषयी मी इथे अधिक लिहीत नाही. दया दाखवावी म्हणून त्यांनी आम्हाला पाणी चाखवले नव्हते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. मिठागरांच्या काठाने सहली जरूर निघाव्यात. पण ज्या सहलीत पक्षी दिसतो, मसाला चाखायला मिळतो आणि मीठ पिकवणारे माणूस तेवढे गाळले जाते, ती सहल अपुरी आहे. आणि हे अपुरेपण निरुपद्रवी नाही.

निरुपद्रवी का नाही, ते सांगते. जी जागा आपल्याला कोणी समजावून दिली नाही, ती आपल्याला रिकामी दिसते. मुंबई आणि परिसरात मिठागरांची पाच हजार एकरांहून अधिक जमीन आहे आणि तिच्याविषयी बोलताना ‘पडीक’, ‘मोकळी’ हे शब्द सहज वापरले जातात. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड येथील २५५.९ एकर मिठागर जमीन धारावी पुनर्विकासातील घरांसाठी घेण्याचे ठरवले. आता या जमिनी खरोखरच रिकाम्या आहेत काय? भरतीच्या वेळी चिखलाचे पट्टे पाण्याखाली गेले की खाडीतले पाणपक्षी याच मिठागरांत येऊन बसतात. पावसाचे आणि उधाणाचे पाणी पसरायला सखल भागात या जागा आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाण्याला जागा लागते हे त्या शहराला वेगळे सांगायला नको. म्हणजे ज्या पक्ष्यांसाठी बोट निघते त्यांचा निवारा आणि त्या तीन शब्दांत संपलेली मिठागरे यांचा थेट संबंध आहे. तो बोटीवर सांगितला गेला असता तर आम्ही साठ विद्यार्थी निदान एक प्रश्न घेऊन नागपूरला परतलो असतो.

मिठाचा आणि आपला संबंध काय, असे येथे कोणी म्हणेल. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तरी असे म्हणू नये. मिठावरचा कर बुडू नये म्हणून इंग्रजांनी सिंधू नदीपासून महानदीपर्यंत जकातीची रेषा आखली होती. बऱ्हाणपूरवरून जाणाऱ्या या रेषेच्या मोठ्या भागावर काटेरी झुडपांचे कुंपण वाढवले होते, आणि पहाऱ्यावर सुमारे बारा हजार माणसे होती. १८७९ साली ही रेषा मोडली, कर मात्र राहिला. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. त्याच वर्षी वडाळ्याच्या मिठागरांवर हजारो मुंबईकर चालून गेले आणि कोकणात शिरोड्याला सत्याग्रह झाला. समुद्र नसलेला आपला भागही मागे राहिला नाही. अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला खारपाणपट्ट्यातल्या खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडला गेला. परीक्षेत आपण ‘मिठाचा सत्याग्रह’ यावर दहा गुणांचे उत्तर लिहितो. पण मीठ कसे तयार होते असे विचारले तर वर्गात किती हात वर होतील?

या मताविरुद्ध तीन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला माझ्या एका मैत्रिणीचा: देशातले तीन चतुर्थांशाहून अधिक मीठ एकटा गुजरात देतो, मग आपली मिठागरे बंद होणारच, त्यांचे कौतुक कशाला? तिचा आकडा बरोबर आहे. यात भर म्हणून मीच सांगते की, आयोडीन नसलेले मीठ थेट खाण्यासाठी विकायला २००६ पासून देशभर बंदी आहे. गलगंडासारख्या रोगांचा विचार करता आयोडीन हवेच; पण त्यामुळे ढिगावरचे खडेमीठ मावशींना कायद्याने कोणाच्या ताटासाठी विकता येत नाही, हेही तितकेच खरे. धंदा उतरणीला लागला आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु जे उद्या राहणार नाही ते आज नीट पाहून, विचारून, लिहून ठेवणे हे कला शाखेच्या विद्यार्थ्याचे काम नाही तर कोणाचे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. धारावीतल्या माणसाला घर नको काय? हवे, नक्कीच हवे. अडचणीच्या खोलीत दिव्याखाली अभ्यास करणे म्हणजे काय ते मी जाणते, त्यामुळे गरिबाच्या घराला नाके मुरडण्याचा मला अधिकार नाही. प्रश्न एवढाच की, एका गरिबाला घर देण्यासाठी आधी दुसऱ्या गरिबाच्या कामाची जागा ‘पडीक’ ठरवावी लागते का? आणि जिथे खाडीचे पाणी शिरते तिथले घर त्याला किती पावसाळे सुखाने राहू देईल? निर्णय काहीही होवो, तो ती जागा ओळखून व्हावा.

तिसरा आक्षेप आमच्या एका प्राध्यापकांचा. ते म्हणाले, “उद्या तुम्ही मजुरालाच प्रेक्षणीय वस्तू कराल.” हा धोका मला मान्य आहे. उन्हात राबणाऱ्या बाईचे बोटीतून छायाचित्र काढणे आणि तिला काही न विचारता निघून जाणे, याहून तिला न पाहिलेले बरे. पण यावर उपाय तिला लपवणे हा नाही. सांगण्याचे काम तिलाच द्यावे आणि त्या सांगण्याचा मोबदलाही तिला मिळावा. मार्गदर्शक बोटीवर पक्षी सांगतो, तसे बांधावर मावशींनी मीठ सांगावे. त्या काही अडखळणार नाहीत, हे मी स्वतः ऐकले आहे.

असे कुठे होते का, असे विचारणाऱ्यांना फार दूर जायला नको. आपल्याच सावनेर तालुक्यात आणि जवळच्या गोंडेगावला २०१६ साली वेकोलि आणि राज्याच्या पर्यटन महामंडळाने मिळून खाण पर्यटन सुरू केले. डोक्यावर हेल्मेट घालून पाहुणा खाण बघायला येऊ शकतो, ही कल्पना मला मोलाची वाटते, कारण जिथे कामगाराचा पाय पडतो तिथे पाहुण्याचाही पडतो. आपण खापरखेड्याचे लोक चिमण्यांच्या सावलीत वाढलो. येथील वीज केंद्राची क्षमता १३४० मेगावॅट, हे आपण परगावच्या नातेवाइकांना अभिमानाने सांगतो. पण कोळसा वॅगनमधून उतरल्यापासून राख बंधाऱ्यात जाईपर्यंत कोणकोणती माणसे त्यावर काम करतात, हे आपल्यापैकी किती जणांनी घरी वडिलांना विचारले आहे? माझ्या वडिलांचे आयुष्य कोळशात गेले. मुंबईहून परत आल्यावर मी त्यांना प्रथमच विचारले, की चांगला कोळसा हातात घेताच कसा ओळखतात. ते अर्धा तास बोलले. घरात शिकलेली मी पहिली. पण त्या अर्ध्या तासात जाणकार कोण होते, हे सांगायला नको.

म्हणून शेवटी दोन सूचना करते. पहिली सहल समितीला. पुढील वर्षी कोकण, गोवा किंवा मुंबई, जिथे कुठे जाऊ तिथे पाहण्याच्या यादीत एक कामाची जागा असावी आणि तिथे काम करणारे माणूस अर्धा तास आपल्याशी बोलावे. त्याच्या वेळेचे पैसे आपण सहलीच्या वर्गणीतून द्यावेत. दुसरी सूचना या वार्षिकाच्या संपादक मंडळाला. प्रवासवर्णने भरपूर येतात. पुढच्या अंकात दहा पाने अशी राखून ठेवावीत, की ज्यांत विद्यार्थ्यांनी आपल्या घरातल्या किंवा वस्तीतल्या एका माणसाचे काम त्याला विचारून लिहावे. खाणीतले, वीज केंद्रातले, विटाभट्टीवरचे, संत्र्याच्या बागेतले, कोणतेही. पहिला मजकूर मी दिवाळीच्या सुट्टीनंतर आणून देईन.