चार गावांची पेढी आणि एकच वही

नगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. १४ तालुक्यांचा हा विस्तार एका दिवसात नीट फिरून होत नाही. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले, तरी मालाच्या पावतीवर आणि व्यापाऱ्याच्या बोलण्यात 'नगर' अजून टिकून आहे. या विस्तारामुळेच येथील व्यापारी घराण्यांनी शाखा काढल्या, आणि त्या बहुधा भावांच्या भरवशावर काढल्या. थोरले बंधू नगरच्या मार्केट यार्डात, मधले श्रीरामपूरला, धाकटे शेवगावला आणि अलीकडे एखादा पुतण्या कर्जतला, अशी मांडणी समाजातील अनेक कुटुंबांत आढळेल.

पूर्वी या शाखांना बांधून ठेवणारी वस्तू म्हणजे रोजमेळ. शाखेचा मुनीम रात्री रोजमेळ लिहून त्याची नक्कल मुख्य पेढीकडे पाठवी, आणि तेथे त्यावरून खतावणी होई. हिशेब दोन-चार दिवस मागे असे, पण तो एका ठिकाणी असे. संगणक आल्यावर प्रत्येक दुकानात स्वतंत्र यंत्र, स्वतंत्र प्रणाली आणि स्वतंत्र हिशेबनीस आले. वेग वाढला, परंतु वही फुटली. आज अनेक घरांत चार शाखांचा साठा एकत्र पाहायचा झाला, तर चार फोन करावे लागतात. मग घरातील तरुण म्हणतो की, "काका, एक सर्व्हर घेऊ आणि सगळी दुकाने जोडू." थोरले बंधू किंमत विचारतात. वास्तविक किमतीच्या आधी विचारण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिला प्रश्न असा की, शाखेतून मुख्य पेढीकडे नेमके काय जायचे आहे? यावर वारणानगरचे उदाहरण मननीय आहे. १९९८ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे वारणा सहकारी समूहाशी संगणकाने जोडण्याचा मोठा प्रकल्प शासनाच्या साहाय्याने हाती घेण्यात आला. गावोगावी संगणक बसले आणि मध्यवर्ती सर्व्हरशी त्यांची जोडणी झाली. शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीसल्ला, शिक्षण असे सर्व काही मिळावे, ही अपेक्षा होती. पुढे बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी तेथे जाऊन पाहिले, तेव्हा त्या यंत्रांचा प्रत्यक्ष उपयोग प्रामुख्याने उसाची नोंद, तोडणीची परवानगी, खत, वजन आणि बिल एवढ्यापुरताच होत असल्याचे दिसले. एवढी माहिती तर चार ओळींची! त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलचा संदेश वापरून तेच काम आठ महिने चालवून पाहिले. ते स्वस्त पडले आणि शेतकऱ्यांना अधिक आवडलेही.

दुकानाचेही तसेच आहे. समजा, शेवगावच्या दुकानात दिवसाला दीडशे बिले होतात. त्या नोंदींचा एकूण आकार मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्राहूनही लहान भरेल. त्यासाठी महागड्या जोडणीची गरज नाही. अडचण निराळ्याच ठिकाणी येते. नगरच्या यंत्रातील हिशेबाची मूळ फाईल शेवगावहून थेट उघडून तिच्यात लिहिण्याचा प्रयत्न होतो. अशा वेळी प्रणाली त्या फाईलशी सतत देवघेव करीत राहते. जोडणी मध्येच तुटली, तर काम अडते आणि कधी फाईलच बिघडते. म्हणून मार्ग तीनच उरतात. एक, शाखेचा पडदा व कळफलक तेवढा शाखेत आणि सारे काम नगरच्या सर्व्हरवर. दुसरा, प्रत्येक शाखेची स्वतंत्र फाईल आणि रात्री दुकान बंद होताना तिचा मुख्य फाईलशी मेळ. तिसरा, स्वतःचा सर्व्हर न घेता भाड्याच्या सर्व्हरवर, म्हणजे ज्याला क्लाउड म्हणतात तेथे, वही ठेवणे.

बँकांनी हा सारा प्रवास पूर्वीच केलेला आहे. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर शाखांत यंत्रे आली, ती आधी एकेकटी. ग्राहक त्या शाखेचाच असे, बँकेचा नव्हे. पुढे सर्व खाती एका केंद्रात गेली आणि ग्राहक बँकेचा झाला. त्याबरोबर एक नवीन पाटीही आली, 'लिंक नाही'. खातेदार त्या पाटीपुढे तासभर बसून राहतो, कारण त्याचे पैसे तेथे अडकलेले असतात. किराणा दुकानातील गिऱ्हाईक मात्र पाच मिनिटांत समोरच्या दुकानात जाते. बँकेची रचना जशीच्या तशी दुकानात आणणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. जोडणी असो वा नसो, बिल शाखेतच फाटले पाहिजे. चार-पाच शाखांच्या पेढीला यासाठी दुसरा मार्ग सर्वांत सोयीचा वाटतो. साठ्याची माहिती दिवसभर ताजी हवीच असेल, तर तेवढीच दर तासाला वर पाठवता येते.

या मार्गात दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात, आणि त्या यंत्राच्या नाहीत. प्रत्येक शाखेची बिलांची मालिका वेगळी हवी. वस्तू व सेवा कराच्या नियमांत बिलक्रमांक सोळा अक्षरांपर्यंतचा, सलग आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो; एकाहून अधिक मालिका चालतात. श्रीरामपूरच्या क्रमांकाआधी 'श्री' आणि शेवगावच्या आधी 'शे' यांना समांतर इंग्रजी अक्षरे लावली की मेळ घालताना दोन बिले एकमेकांवर आदळत नाहीत. दुसरी गोष्ट मालाच्या नावांची. एका दुकानात 'तूरडाळ', दुसऱ्यात 'तुरदाळ', तिसऱ्यात 'तूरडाळ नं. १' असे असेल, तर जगातला कोणताही सर्व्हर त्यांची बेरीज करणार नाही. मालाची व खातेदारांची मूळ यादी नगरलाच दुरुस्त व्हावी आणि शाखांनी ती फक्त वापरावी. हे काम कंटाळवाणे आहे, दोन-तीन रविवार खाते, आणि बहुतेक ठिकाणी वगळले जाते. पुढे दोष मात्र यंत्राला दिला जातो.

कायद्याकडेही पाहिले पाहिजे. नोंदणीपत्रात अतिरिक्त व्यवसायस्थाने दाखवली असतील, तर त्या त्या जागेची पुस्तके तेथे उपलब्ध असावी लागतात. ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवण्यास मुभा आहे. अधिकारी कर्जतच्या दुकानात आले आणि 'सगळे नगरला आहे, लाइन बंद आहे' असे उत्तर मिळाले, तर ते शोभत नाही. पुस्तके त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायची आहेत. शिवाय नियम ५७ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदींची दुसरी प्रत ठेवणे बंधनकारक आहे. अपघाताने मूळ नष्ट झाले, तर वाजवी वेळेत माहिती पुन्हा उभी करता आली पाहिजे.

ही दुसरी प्रत म्हणजे नेमके काय, याविषयी व्यापाऱ्यांत मोठा गैरसमज आहे. सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत, एकीवर लिहिलेले दुसरीवर आपोआप उमटते, म्हणून निर्धास्त असणारे पुष्कळ भेटतात. डिस्क जळाली तर ती रचना उपयोगी पडते, हे खरे. परंतु नोकराने चुकून वर्षाचे खाते पुसले, तर ते दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसले जाते.

याचा सर्वांत मोठा दाखला २७ जून २०१७ चा आहे. त्या दिवशी नॉटपेट्या नावाचा विषाणू मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीच्या जगभरच्या संगणकांत शिरला. उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरातील तिच्या समूहाचे टर्मिनलही त्यामुळे ठप्प झाले. कोणत्या कर्मचाऱ्याला कोठे प्रवेश द्यायचा, याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर कंपनीने जगभर ठेवले होते आणि ते सतत एकमेकांची नक्कल करीत. एक गेला तर दुसरा आहे, हा हिशेब. सगळे एकदम जातील, असे कोणी धरले नव्हते, आणि तसेच झाले. शोध घेता घेता आफ्रिकेतील घाना देशात एक सर्व्हर शाबूत सापडला. कारण काय? विषाणू फिरत असताना तेथील वीज गेलेली होती! घानाहून ती माहिती तारेने पाठवायला कित्येक दिवस लागले असते. घानाच्या कर्मचाऱ्यापाशी ब्रिटनचा व्हिसा नव्हता, म्हणून त्याने नायजेरियाच्या विमानतळावर दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती डिस्क दिली आणि ती इंग्लंडला पोहोचली. पुढे दहा दिवसांत कंपनीने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरच्या घरात गेले.

शेवगावच्या वीजकपातीला नावे ठेवणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. जी प्रत तारेला जोडलेली नसते, ती वाचते. दोन पोर्टेबल डिस्क घ्याव्यात. एका शनिवारी एक, दुसऱ्या शनिवारी दुसरी अशी प्रत काढून ती डिस्क दुकानात न ठेवता घरी किंवा लॉकरमध्ये ठेवावी. रोजची प्रत याशिवाय असावीच. आणि प्रत उघडते की नाही, हे वर्षातून एकदा तरी दुसऱ्या यंत्रावर पाहावे. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर आता वहीशेजारी लॅपटॉप ठेवण्याची प्रथा पडली आहे. त्याच दिवशी सकाळी मागच्या वर्षाची प्रत उघडून पाहिली, तर पूजेत काही उणे येणार नाही.

चोरवाटेचा विचार मुख्यत्वे एकाच ठिकाणी करावा लागतो. शाखेला नगरचा सर्व्हर दिसावा म्हणून काही तंत्रज्ञ त्याचे दूरस्थ प्रवेशाचे दार इंटरनेटवर सरळ उघडे ठेवतात आणि पासवर्ड म्हणून दुकानाचे नाव व पुढे १२३ लावून देतात. काम अर्ध्या तासात होते. अशी उघडी दारे शोधत फिरणाऱ्या टोळ्यांचे संगणक रात्रंदिवस चालू असतात. फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांची ही आवडती वाट आहे. आधी व्हीपीएन नावाचा बंदिस्त मार्ग, मग सर्व्हर, हा क्रम सोडू नये. तंत्रज्ञ 'गरज नाही' म्हणाला, तर तंत्रज्ञ बदलावा.

उरलेले थोडक्यात. इंटरनेटच्या दोन जोडण्या दोन निराळ्या कंपन्यांच्या असाव्यात, एक तारेची आणि एक मोबाइलची, कारण रस्ता खोदला की तारा एकत्रच तुटतात. यूपीएस सर्व्हर रीतसर बंद होईपर्यंत तरी टिकावा. अर्थिंग तपासून घ्यावे. आणि सर्व्हर माळ्यावर ठेवू नये. मे महिन्यात पत्र्याखालची उष्णता आणि हळद-मिरचीची धूळ यांनी पंखा भरतो, आणि मग यंत्र सदोष निघाले म्हणून विक्रेत्याशी वाद होतो.

सर्वांत नाजूक प्रश्न मात्र घरातला आहे. कोणाला काय दिसावे? धाकट्याच्या दुकानाचा नफा मधल्याच्या मुनीमाला दिसला, तर घरात शब्द वाढतात. आणि थोरल्याला काहीच दिसले नाही, तर संशय वाढतो. प्रत्येक शाखेला स्वतःचे खाते व सर्वांचा साठा दिसावा, आणि सर्व भावांना महिन्याचा एकत्रित ताळेबंद एकाच वेळी मिळावा, असे आरंभीच कागदावर लिहून सर्वांनी सह्या केलेल्या बऱ्या. हे बोलणे सर्व्हर खरेदीच्या आधी व्हावे. नंतर ते आरोपासारखे ऐकू येते.

मुख्य पासवर्डाचेही तसेच. बहुतेक घरांत तो एकाच पुतण्याला ठाऊक असतो. त्याला पुण्याला नोकरी लागते, किंवा वाटणीची बोलणी सुरू होतात, आणि चार दुकाने त्याच्या एका फोनवर अवलंबून राहतात. बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या असतात, त्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात, आणि त्यांच्या दुसऱ्या जोडीचे मोहोरबंद पाकीट निराळ्या शाखेत ठेवलेले असते. पेढीनेही रोजच्या कामाचा पासवर्ड आणि मालकीचा पासवर्ड वेगळे करावेत. मालकीचा कागदावर लिहून, पाकिटावर दोन भावांच्या सह्या घेऊन, तिसऱ्या भावाच्या लॉकरमध्ये ठेवावा. पासवर्ड बदलला की पाकीटही त्याच दिवशी बदलावे आणि जुने दोघांसमक्ष फाडावे.