'लेदरक्राफ्ट' कूल, मग चांभारकाम का नाही?

रील्स बघताना हे व्हिडिओ तुम्हालाही दिसले असतील. शांत संगीत, लाकडी टेबल आणि चामड्याचा जाड पट्टा कापणारे हात. त्यातलाच एक खास प्रकार म्हणजे काउबॉयचा काडतूस-पट्टा. अमेरिकेत 'काउबॉय ॲक्शन शूटिंग' नावाचा खेळ आहे. त्यासाठी १९८७ मध्ये 'सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी' स्थापन झाली. खेळाडू एकोणिसाव्या शतकातले कपडे घालतात, टोपणनाव घेतात आणि जुन्या घडणीच्या बंदुकांनी नेम धरतात. एवढा थाट केल्यावर कमरेला रेक्झिनचा पट्टा कसा चालेल? मग हौशी मंडळी तो स्वतः शिवतात, नाहीतर कारागिराकडून मापाने करून घेतात.

काम सोपं नाही. झाडाच्या सालीने कमावलेलं जाड चामडं लागतं. काडतूस अडकवायचं प्रत्येक लूप एकाच मापाचं हवं. सैल झालं तर काडतूस पडणार, घट्ट झालं तर ऐन वेळी निघणार नाही. म्हणून चामडं ओलं करून काडतुसाच्या जाडीच्या दांडीवर बसवतात. मग आरीने भोकं पाडायची, मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवायच्या आणि प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी टाका घ्यायचा. एक टाका तुटला तरी शिवण उसवत नाही. खाली कमेंट्सचा पाऊस: 'आर्ट', 'रिस्पेक्ट', 'ड्रीम जॉब'.

आता पेणच्या नाहीतर रोह्याच्या बाजारात या. रस्त्याकडेला बसलेल्या काकांच्या हातात तशीच आरी आणि तसाच दोरा असतो. रापीने ते चामड्याची कड झटक्यात पातळ करतात. आणि आपण काय म्हणतो? 'काका, पटकन करा, गाडी चुकेल,' आणि वर दहा रुपयांसाठी घासाघीस. कौशल्य तेच, मग मान वेगळा का? उत्तर सगळ्यांना माहीत आहे, फक्त कुणी बोलत नाही. छंद म्हणून चामडं हातात घेतलं की माणूस 'क्रिएटिव्ह', तेच काम घरातून आलं की आधी आडनाव बघायचं.

मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याच जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. जन्मावरून माणसाची पायरी ठरवण्यालाच ते आव्हान होतं. त्यामुळे चर्मकार घरातल्या मुलांना 'परंपरा जपा' असा उपदेश करायचा हक्क कुणालाच नाही. त्यांना इंजिनीअर व्हायचंय? होऊ द्या. ज्यांनी या कामापायी अपमान सोसला, परंपरेचं ओझंही त्यांच्याच गळ्यात का?

उलट, कामालाच जातीतून मोकळं करू या. पेण, हमरापूर, जोहे इथले गणपतीचे कारखाने बघा. मूर्तीला रंग दिला म्हणून कुणाला कमीपणा येत नाही, उलट 'आमच्या पेणचा गणपती' म्हणून आपण कॉलर ताठ करतो. चामड्याच्या वाट्याला हा अभिमान येत नाही, कारण त्याला आपण विटाळ चिकटवलाय.

जून २०२५ मध्ये 'प्राडा'ने मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा आपण किती चिडलो! कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय मानांकन आहे, हेही अनेकांना तेव्हाच कळलं. पुढे डिसेंबरमध्ये प्राडाने महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. पण 'आमची कला चोरली' अशी स्टोरी टाकणाऱ्यांपैकी किती जण चप्पल शिवणाऱ्याला सांगेल तो भाव देतात?

त्यासाठी मोर्चा नको, एवढं तरी करू या. घासाघीस बंद. बेल्ट, पाकीट, लॅपटॉपची पिशवी ऑनलाइन मागवण्याआधी गावातल्या कारागिराला विचारा. कॉलेज फेस्टमध्ये मेंदी-टॅटूच्या स्टॉलशेजारी चामडं शिवायची कार्यशाळा ठेवा आणि शिकवायला काकांनाच बोलवा, पाहुणे वक्ते म्हणून, नावानिशी, मानधन देऊन. शिकायला मात्र सगळ्या आडनावांची मुलं-मुली बसू देत. 'रिस्पेक्ट' कमेंटमध्ये लिहायला काही लागत नाही, आरी हातात धरून बघा.