समजून घ्या : मोबाइलवर हसलात, ते टीआरपीत धरतात का?

अहमदपूर : नवा विनोदी कार्यक्रम आला की प्रतिक्रिया आधी मोबाइलवर उमटतात. पण तो टिकणार की नाही, यात मोठा वाटा टीआरपीचा.

अलीकडचं उदाहरण?
'चला हवा येऊ द्या' मार्च 2024 मध्ये थांबलं. एप्रिलमध्ये नीलेश साबळे, भाऊ कदम, ओंकार भोजने 'हसताय ना? हसायलाच पाहिजे!' घेऊन कलर्स मराठीवर आले. प्रेक्षकांनी तुलना जुन्या कार्यक्रमाशीच केली. काही महिन्यांत नवा कार्यक्रम बंदही झाला.

मोजणी कशी होते?
बार्क ही संस्था निवडक घरांतल्या टीव्हीला मीटर लावते. केंद्र सरकारने जुलै 2025 मध्ये दिलेल्या माहितीनुसार टीव्ही असलेली घरं सुमारे 23 कोटी, मीटर फक्त 58 हजार. म्हणजे साधारण 4 हजार घरांमागे एक.

मग मोबाइलचं काय?
यूट्यूबवर किंवा अ‍ॅपवर पाहिलेलं या मोजणीत येत नाही. अहमदपूरच्या बसस्थानकावर गाडीची वाट बघत तुम्ही आख्खं स्किट पाहिलंत, तरी टीआरपीत नोंद शून्य. यूट्यूबचे व्ह्यूज वेगळे, त्यावरची जाहिरातीची कमाईही वेगळी.

थोडक्यात काय?
'मस्त' असो की 'बोअर', तुमची कमेंट चॅनेलला दिसते. टीआरपीत मात्र मीटर असलेल्या घराचाच रिमोट बोलतो.