अपरिग्रहाचे दप्तर

धर्मसंस्था मोठी कशाने होते, असे विचारले तर आपल्याकडे ठरावीक उत्तरे मिळतात : तपाने, भक्तीने, त्यागाने. ही उत्तरे खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. त्यागातून संस्था जन्माला येते. पिढ्यान्‌पिढ्या टिकते ती दप्तरामुळे. देणगी कोणी दिली, कशासाठी दिली, ती कोठे खर्च झाली आणि जे उरले ते कोणाच्या ताब्यात आहे, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे ज्या संस्थेजवळ नाहीत, तिचा त्याग तिच्या संस्थापकाबरोबरच संपतो. हे समजून घेण्यासाठी एका परक्या भूमीतील आणि परक्या पंथातील उदाहरण पाहणे उद्‌बोधक ठरेल.

इटलीतील व्हेनिस नगरात फ्रान्सिस्कन भिक्षूंचे एक भव्य चर्च व त्याला लागून त्यांचा जुना मठ आहे. सांता मारिया ग्लोरिओसा देई फ्रारी हे त्याचे पूर्ण नाव. लोक नुसते ‘फ्रारी’ म्हणतात. या पंथाचे भिक्षू तेराव्या शतकात व्हेनिसमध्ये आले. त्यांचे संस्थापक असिसीचे संत फ्रान्सिस यांनी घालून दिलेल्या व १२२३ मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या नियमावलीत दोन आज्ञा अत्यंत कठोर होत्या. भिक्षूने नाणे स्वतः स्वीकारू नये, मध्यस्थामार्फतही स्वीकारू नये. आणि घर, जागा वा कोणतीही वस्तू आपली म्हणू नये. अपरिग्रहाची ही व्याख्या आपल्या संन्यासधर्मालाही अपरिचित वाटणार नाही.

परंतु अरण्यात राहणाऱ्या संन्याशाला जे साधते, ते शहरात मठ चालविणाऱ्या संघाला साधतेच असे नाही. शहरात छप्पर लागते, रुग्ण भिक्षूला औषध लागते, ग्रंथ लागतात. श्रद्धाळू माणसे मृत्युपत्र करून घरे व भाडी मठाच्या नावे ठेवतात आणि आपल्या नावाने प्रार्थना व्हाव्यात, अशी अट घालतात. मग ही मालमत्ता कोणाची? यावर पोपच्या दरबाराने १२४५ मध्ये तोडगा काढला, की मालकी रोमची आणि भिक्षूंना केवळ उपयोगाचा अधिकार. पैशाचा व्यवहार पाहण्यासाठी मठाबाहेरचे प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. १२७९ मध्ये ही व्यवस्था अधिक पक्की झाली. १३२२ मध्ये मात्र पोप जॉन बाविसावे यांनी ती मोडीत काढली. जी भाकरी भिक्षू खाऊन टाकतो, तिची मालकी दुसऱ्याची कशी राहील, असा त्यांचा रोकडा युक्तिवाद होता. या वादातून संघात फूट पडली. १५१७ मध्ये त्याचे अधिकृत विभाजन झाले. अखेर १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने, काही कडव्या शाखा वगळता, भिक्षुसंघांना स्थावर मालमत्ता धारण करण्याची मोकळीक दिली.

या तीनशे वर्षांच्या वादाचे तात्पर्य काय? व्रत आणि व्यवहार यांतील अंतर शब्दच्छलाने भरून निघत नाही. मालकी कोणाचीही म्हणा, भाडे आले की ते कोठे तरी जमा करावेच लागते. फ्रारीसारख्या मठांनी हे वास्तव कागदावर आणले. मृत्युपत्रांच्या प्रती, घरांची भाडी, दान देणाऱ्यांच्या अटी, कोणत्या घराण्याला कोणती वेदी व दफनाची जागा दिली आणि त्या बदल्यात कोणती जबाबदारी ठरली, याचे कागद साठत गेले. मुख्य वेदीवरील तित्सियानोचे जगद्विख्यात चित्र १५१८ मध्ये अनावृत झाले. ते ज्या मठप्रमुखाने करवून घेतले, त्या जेर्मानोचे नाव व १५१६ हे वर्ष त्या चित्राच्या संगमरवरी चौकटीवर कोरलेले आहे. पेसारो घराण्याच्या वेदीसाठी त्याच चित्रकाराने १५२६ मध्ये दुसरे चित्र पूर्ण केले. कलेचे इतिहासकार आज त्या चित्रांविषयी बोलतात तेव्हा त्यांच्या हाती चित्राइतकेच कागदही असतात.

येथे शासनाची भूमिकाही पाहण्यासारखी आहे. व्हेनिस हे कॅथलिक प्रजासत्ताक. पण धर्मसंस्थेकडे किती जमीन जाते यावर त्याची करडी नजर असे. शासनाच्या अनुमतीवाचून गृहस्थांची स्थावर मालमत्ता धर्मसंस्थेकडे जाऊ नये, हा राजधानीतील निर्बंध १६०५ मध्ये संपूर्ण राज्याला लागू झाला. हा कायदा आणि दोन धर्मगुरूंवर चाललेले खटले यांवरून पोप पाचवे पॉल यांनी १६०६ मध्ये संपूर्ण प्रजासत्ताकावर धर्मबहिष्कार घातला. जेझुइट, थिएटिन व कापुचिन संघांनी व्हेनिस सोडले; इतर बहुतेक मठ मात्र चालूच राहिले. शासनाच्या बाजूने लेखणी चालविली ती पाओलो सार्पी या भिक्षूनेच, आणि त्याचे शस्त्र होते कायद्याचे व इतिहासाचे पुरावे. वर्षभरात बहिष्कार उठला. कायदा मात्र व्हेनिसने मागे घेतला नाही.

पुढे काळ फिरला. १७९७ मध्ये ते प्रजासत्ताकच नेपोलियनने संपविले. १८१० मध्ये त्याच्या राजवटीने धार्मिक संघ विसर्जित केले. फ्रारीचे भिक्षू बाहेर पडले. मठांच्या मालमत्तेबरोबर त्यांची दप्तरेही शासनाने ताब्यात घेतली, कारण जप्त केलेल्या घरावर हक्क सांगायचा तरी कागद लागतोच. ऑस्ट्रियाची सत्ता आल्यावर १८१५ मध्ये व्हेनिसच्या शासकीय अभिलेखागारासाठी जागा निवडली गेली ती फ्रारीच्याच मठाची. आज तेथे सुमारे सत्तर किलोमीटर लांबीच्या फळ्यांवर त्या प्रजासत्ताकाचे कागद आहेत, आणि त्यांतच विसर्जित मठांची दप्तरे, खुद्द फ्रारीचेही. १९२२ मध्ये फ्रान्सिस्कन भिक्षू आपल्या चर्चमध्ये परत आले. प्रजासत्ताक गेले, नेपोलियन गेला, ऑस्ट्रियाचा सम्राट गेला, दप्तर राहिले.

ही कथा आपल्यापासून फार दूरची नाही. गोव्यात पोर्तुगीजांनी १५९५ मध्ये अभिलेखागार स्थापून दियोगु दु कौतु याला त्याचा पहिला प्रमुख नेमले. तेथील धार्मिक संघ १८३५ मध्ये विसर्जित झाले. जुन्या गोव्यातील फ्रान्सिस्कन मठात आज पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. गोव्याच्या त्याच अभिलेखागारात आयुष्य वेचून पांडुरंग पिसुर्लेकरांनी मराठ्यांच्या इतिहासाची असंख्य साधने उजेडात आणली. परक्यांनी स्वतःच्या सोयीसाठी जपलेले कागद आपल्या इतिहासाला उपयोगी पडले, याचा आनंद मानावा. पण आपले कागद आपण किती जपले, हा प्रश्नही त्याच वेळी मनाला बोचला पाहिजे.

आपल्याकडे परंपरा नव्हती असे मुळीच नाही. सनदा होत्या, ताम्रपट होते, देवस्थानांच्या जमाखर्चाच्या वह्या होत्या. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थसंप्रदायाचे कागद मठामठांतून हिंडून गोळा केले. चिंचवडच्या देव संस्थानाच्या कागदपत्रांच्या आधारे लॉरेन्स प्रेस्टन या परदेशी अभ्यासकाने १९८९ मध्ये केंब्रिजहून ग्रंथ प्रसिद्ध केला. दप्तर होते म्हणून हे घडले. जेथे ते वाळवीच्या स्वाधीन झाले तेथे काय घडते, हे खेड्यापाड्यांतील वाचकांना सांगावयास नको. सातबाऱ्यावर देवाचे नाव राहते, जमीन भलत्याच्याच वहिवाटीत जाते आणि न्यायालयात देवाच्या बाजूने दाखवायला कागद नसतो.

मंदिरे शासनाच्या नियंत्रणातून मुक्त असावीत, ही मागणी आज आग्रहाने मांडली जाते. ती विचारपूर्वक मांडायची असेल, तर मागणी करणाऱ्याने आधी आपली वही उघडली पाहिजे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याने नोंदणी आणि हिशेबतपासणी सांगितली आहे, पण ती किमान मर्यादा आहे. धर्मादाय कार्यालयाला दाखविण्यासाठी ठेवलेला हिशेब आणि दात्याच्या श्रद्धेला जागण्यासाठी ठेवलेला हिशेब यांत फार मोठे अंतर आहे. ज्याचा जमाखर्च स्वच्छ, त्याच्या स्वायत्ततेला हात लावताना कोणतेही शासन दहा वेळा विचार करील. ज्याचा नाही, त्याने शासनाला निमंत्रणच दिले आहे.

आपल्या गावच्या देवस्थानापासून वाचनालयापर्यंत प्रत्येक संस्थेत एक तरी कार्यकर्ता असा हवा, जो सभेत बोलणार नाही, हारतुऱ्यात दिसणार नाही; पण जुन्या इतिवृत्तांची सूची करील, मृत्युपत्रांच्या व दानपत्रांच्या प्रती काढील आणि दरवर्षी स्थावर मालमत्तेची यादी प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळील. नाण्याला हात न लावण्याचे व्रत घेतलेल्यांनाही अखेर वही ठेवावी लागली. आपण तर प्रपंचात राहून समाजाचे धन सांभाळणारी माणसे. त्या धनाचा चोख हिशेब ठेवणे ही कारकुनी नव्हे, ती साधनाच आहे.