ऐकीव साक्षीचे निबंध

‘माझें आवडतें ठिकाण’ हा विषय फळ्यावर लिहिला गेला कीं वर्गांतील निम्मीं मुलें महाबळेश्वरास जातात व उरलेलीं समुद्रकिनारीं सूर्यास्त पाहत बसतात. ज्यानें महाबळेश्वर कधीं पाहिलें नाहीं तोहि तेथील धुकें आणि ‘निसर्गाची मुक्त उधळण’ बिनचूक लिहून देतो. कारण मार्गदर्शिकेंतील निबंध त्यानें पाठ केलेला असतो. कायद्याच्या अभ्यासांत आमचीं कांहीं वर्षें गेलीं असल्यामुळें हा प्रकार पाहून आम्हांस पुराव्याच्या नियमाची आठवण होते. जें डोळ्यांनीं पाहिलें तें पाहणारानेंच येऊन सांगावें, हा दंडक १८७२ च्या कायद्यांत होता आणि २०२३ च्या नव्या साक्ष्य अधिनियमांतहि तो कायम आहे. जी ऐकीव साक्ष न्यायाधीश ऐकूनहि घेणार नाहीं, तिला शाळेंत दहापैकीं आठ गुण मिळतात!

हा प्रश्न आतां अधिक निकडीचा झाला आहे. २०२० च्या कायद्यानें राज्यांतील सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें तिला अभिजात भाषेचा दर्जा दिला. दोन्ही गोष्टी इष्टच. परंतु सक्तीनें मूल बाकावर बसवितां येतें, भाषा जिभेवर बसवितां येत नाहीं. घरीं गुजराती वा तेलुगु आणि शाळेंत इंग्रजी बोलणारें आठ-नऊ वर्षांचें मूल चार उसने परिच्छेद घोकून उत्तीर्ण होईल व सुट्टी लागतांच ते विसरेल. मराठी आली असें प्रगतिपुस्तक म्हणेल; कोपऱ्यावरचा दुकानदार मात्र त्याच्याशीं हिंदींतच बोलेल.

आमचें म्हणणें असें कीं, मुलास ज्या जागीं तें खरोखर वावरतें त्याच जागेविषयीं लिहूं द्यावें. पुण्याची मंडई घ्या. १८८६ सालीं उघडलेली ही अष्टकोनी मनोऱ्याची इमारत पुण्यांतील पुष्कळ मुलांनीं आईचा हात धरून पाहिलेली असते, आणि २०२४ पासून तेथें भुयारी रेल्वेचें स्थानकहि आहे. घरीं सगळ्यासच ‘बंच’ म्हणणाऱ्या मुलास येथें कळेल कीं मेथीची जुडी असते, केळ्यांचा घड व त्यांतून सुटी काढलेली फणी, द्राक्षांचा घोस, लसणाचा गड्डा, उसाची मोळी आणि विड्याच्या पानांची कवळी. इंग्रजीचा एक शब्द मोडून आमच्या बाजारानें सहा-सात शब्द केले आहेत. तीच गोष्ट व्याकरणाची. भेंडी ती, दोडका तो आणि वांगें तें : तिन्ही लिंगें एकाच गाळ्यावर शेजारीं शेजारीं मांडलेलीं ! हिरवी भेंडी, हिरवा दोडका, हिरवें वांगें असें दहा वेळां मोठ्यानें म्हणणाऱ्या मुलास कोष्टक पाठ करावें लागत नाहीं.

लिहिण्यापूर्वीं बोलणें झालें पाहिजे. मुलानें एका गाळ्यापाशीं अर्धा तास उभें राहावें, भाव विचारावा, नांवें विचारावीं, वर्गांत येऊन तें सांगावें. मग पांच वाक्यें लिहावींत, अधिक नकोत. त्यांत ‘मोठी कांदा’ आढळल्यास त्या आठवड्यांत शिक्षकांनीं लिंगाचीच चूक सुधारावी. ऱ्हस्वदीर्घ पुढच्या आठवड्यांत पळून जात नाहीं. एखाद्यानें ‘कोबीच्या सडक्या पानांचा वास येतो’ असें लिहिल्यास तें अशोभनीय म्हणून खोडूं नये. साऱ्या वह्यांत तेवढेंच वाक्य स्वतःच्या नाकानें लिहिलेलें असण्याचा संभव आहे.

‘मंडईंत लिहिण्यासारखें काय आहे?’ असें कांहीं पालक विचारतील. त्यांना एवढेंच सांगावें कीं, पुणें नगरपालिकेचे सभासद असतांना जोतीराव फुले यांनीं ज्या इमारतीवरील खर्चास विरोध केला, तीच आज त्यांच्या नांवानें ओळखली जाते. ही हकीगत मुलास सांगून पाहावी. तें पुढचे प्रश्न आपण होऊन विचारील. आणि मंडईच हवी असाहि आमचा आग्रह नाहीं. वाईच्या मुलास कृष्णेचा घाट आहे, कोल्हापूरच्या मुलास रंकाळा आहे. कांहींच नसेल तेथें एस. टी. चें स्थानक आहे.

पन्नास मुलें घेऊन बाहेर पडावें कसें, ही शिक्षकांची अडचण मात्र खरी आहे. परंतु १९४५ सालीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्यापुढील अडचण ह्याहून मोठी होती. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां त्यांनीं शाळाच मुलांच्या अंगणांत आणि गुरें चारण्याच्या कुरणांत नेली. आमच्या शहरी शाळांस इतकें लांब जावयाचें नाहीं. सारा वर्ग नेतां येत नसेल तर दहा-दहा मुलांची टोळी न्यावी, नाहीं तर रविवारचें काम म्हणून पालकांवर सोंपवावें. परीक्षकांनीं छापील वर्णनास गुण देण्याचें थांबविलें तर मार्गदर्शिकेचा खप आपोआप उतरेल.

राहिले आमचे व्यापारी वाचक. दुपारीं गिऱ्हाईक विरळ असतें, अशा वेळीं वही घेतलेलें एखादें मूल येऊन मोडक्या मराठींत ‘ह्याला काय म्हणतात?’ असें विचारील. त्यास हिंदींत उत्तर देऊं नये, आणि तें नुसतें विचारून रिकाम्या हातानें परत गेलें तरी रागावूं नये.